टाचेमागची शीर दुखतेय : पळणं थांबवू की चालू ठेवू?

टेकडीवर_पहाटे

नमस्कार मंडळी. प्रश्न पळणाऱ्यांसाठी आहे, पण ट्रेकवाल्यांनी आणि नुसतं चालणाऱ्यांनीही लिहा.

मी पुण्याचा, वय चाळिशीच्या पुढे. गेली काही वर्षं नियमित पळतोय. एरवी विद्यापीठाचा परिसर, रविवारी तळजाई. यंदा साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलंय. यवतेश्वरचा घाट डोळ्यांसमोर ठेवून उन्हाळ्यात चढाचा सराव वाढवला, म्हणजे आठवड्यातून दोनदा वेताळ टेकडी आणि जमेल तेव्हा सिंहगड. त्याच सुमारास बूटही बदलले. जुन्या बुटांची टाच जाड होती. नवे हलके आहेत आणि टाचेला बरेच बसके.

आता उजव्या टाचेमागची जाड शीर दुखते. जागा टाचेच्या हाडाच्या साधारण दोन बोटं वर. सकाळी पलंगावरून उतरलो की बाथरूमपर्यंत लंगडतच जातो. चिमटीत धरली की एका जागी फुगीर लागते, दाबलं की कळ येते. डाव्या पायाला असं काही नाही. पळायला लागलो की दोनेक किलोमीटरनंतर दुखणं जवळजवळ नाहीसं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्याजासकट परत.

ग्रुपमधला एक म्हणतो महिनाभर काहीच करू नकोस. दुसरा म्हणतो मालीश कर. तिसरा म्हणतो एक इंजेक्शन घे आणि मोकळा हो. तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का? पळणं पूर्ण बंद केलंत का? आणि मुख्य म्हणजे, परत पूर्वीसारखं पळता आलं का?

मिसळ_तर्री

इंजेक्शनवाल्या मित्राला तूर्तास चहा पाजा आणि घरी पाठवा. बाकी जाणकार सांगतीलच. चटई टाकून बसतोय.

निळी_छत्री

प्रश्न नीट मांडलात ते बरं केलंत. बहुतेक जण नुसतं 'टाच दुखते' म्हणतात आणि मग दहा जण दहा वेगवेगळ्या दुखण्यांचे उपाय सांगतात.

टाचेच्या खाली, तळव्याच्या बाजूला आणि विशेषतः आतल्या कडेला दुखत असेल तर ते बहुधा प्लांटर फॅशिआचं, म्हणजे तळव्याखालच्या पट्ट्याचं दुखणं. मागे, जिथे शीर हाडाला चिकटते तिथे दुखत असेल तर अकिलीजचं, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड शिरेचं (रक्तवाहिनी नव्हे, टेंडन), पण मुळाशी. आणि हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर दुखत असेल तर अकिलीजच्या मधल्या भागाचं. तुमचं वर्णन तिसऱ्यात बसतंय. तरी एकदा फिजिओला किंवा हाडांच्या डॉक्टरांना हात लावून बघू द्या, इथल्या निदानावर थांबू नका.

उंबरठा

मी निळी_छत्रींच्या पहिल्या प्रकारातली. शाळेत शिकवते, दिवसभर उभी. शिवाय सकाळी रंकाळ्याला पळणं. सकाळी पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. मग थोडं सैल व्हायचं आणि शाळेतून आल्यावर पुन्हा तेच.

आपल्याकडे एक गोष्ट कुणी विचारातच घेत नाही, ती म्हणजे घरातली फरशी. पळायला महागाचे बूट आणि उरलेला अख्खा दिवस कडक फरशीवर अनवाणी. मला फिजिओने सांगितलं, घरात मऊ चपला घाला. स्वयंपाकघरात चपला म्हटल्यावर सासूबाईंनी डोळे मोठे केले. मग फक्त घरात वापरायचा, उंबरठ्याबाहेर कधीही न जाणारा जोड आणला, तो त्यांना दाखवला, तेव्हा परवानगी मिळाली. आता त्यांनीही स्वतःसाठी तसलाच जोड आणवून घेतलाय.

दुसरी गोष्ट, टॉवेलचा व्यायाम. जुना टॉवेल गुंडाळून पायरीच्या कडेवर ठेवायचा, त्यावर पायाची बोटं येतील असं उभं राहायचं म्हणजे बोटं वर वळतात, आणि मग एका पायावर सावकाश टाच उचलायची. तीन मोजेपर्यंत वर, दोन मोजेपर्यंत थांबायचं, तीन मोजेपर्यंत खाली. एक दिवसाआड. नुसत्या ताणण्याच्या व्यायामांनी जे झालं नव्हतं ते याने झालं. पण वेळ लागला, हेही सांगते. दिवाळीला सुरू केलं होतं, होळीच्या आसपास सकाळचं पहिलं पाऊल बिनधास्त पडायला लागलं.

रविवार_लाँगरन

महिनाभर विश्रांतीच्या सल्ल्याबद्दल. मला अकिलीजचंच होतं, तेही टेकडीवरांसारखं मधल्या भागात. एका अख्ख्या पावसाळ्यात एक पाऊल पळालो नाही. दुखणं पूर्ण गेलं. ऑक्टोबरात येऊरला पुन्हा सुरुवात केली आणि पहिल्याच आठवड्यात तीच शीर, तीच जागा. विश्रांतीने दुखणं झोपतं, पण शीर पळण्याजोगी होत नाही, हे तेव्हा कळलं.

पोटरीपुराण

मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे, रोज असे पाय बघते. रविवार_लाँगरन यांनी जे शेवटच्या वाक्यात लिहिलंय त्यावरच सविस्तर लिहिते, कारण या दुखण्याचं मर्म तिथे आहे.

पोटरीत दोन मोठे स्नायू. वरचा दिसणारा गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याच्याखाली दडलेला सोलिअस. दोघांची मिळून एक शीर होते आणि ती टाचेच्या हाडाला बांधलेली असते. तीच अकिलीज. शरीरातली सगळ्यात जाड आणि दणकट शीर. पळताना दर पावलाला तिच्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण सहा ते आठ पट ओढ येते. ती ही ओढ साठवते आणि पाऊल उचलताना परत देते. ओढ हळूहळू वाढवली तर शीर स्वतःला भक्कम करत जाते. एकदम वाढवली तर तिच्यातल्या तंतूंची बांधणी विस्कटते, शीर जाड होते, दुखते. टेकडीवर यांनी चढ वाढवला, सिंहगड धरला आणि टाचेला बसके बूट घेतले. तिन्ही गोष्टींनी ओढ वाढते आणि तिन्ही एकाच हंगामात आल्या. यंदाच का दुखलं, याचं उत्तर बहुधा हेच.

आता पूर्ण विश्रांती घेतली की ओढ शून्य होते. दुखणं कमी होतं, पण पोटरीही अशक्त होते आणि शिरेची सहनशक्ती आणखी खाली येते. मग पूर्वीचंच अंतर तिला जास्त वाटायला लागतं. म्हणून उपाय विश्रांती हा नाही, मोजून दिलेलं वजन हा आहे.

हे काही माझं मत नाही. स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली पंधरा हौशी खेळाडूंवरचा छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे शस्त्रक्रियेच्या वाटेवर होते. त्यांना पायरीच्या कडेवर उभं करून दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायला लावली आणि वर येताना चांगल्या पायाची मदत घ्यायला सांगितलं. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून, तीन गुडघा थोडा वाकवून, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. दिवसाला एकशे ऐंशी होतात. ते सगळे परत पळायला लागले. पुढच्या अभ्यासांत निकाल इतके सरसकट चांगले आले नाहीत, पण दिशा तीच राहिली. २०१५ साली डेन्मार्कमधल्या अभ्यासात दिसलं की आठवड्यातून तीनदाच, पण जास्त वजन घेऊन सावकाश केलेले टाच उचलण्याचे व्यायामही तितकेच उपयोगी पडतात. नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांना मी हाच दुसरा प्रकार देते, कारण रोजचे एकशे ऐंशी लोक दोन आठवड्यांत सोडून देतात.

एक महत्त्वाचा फरक लक्षात ठेवा. हाडाच्या अगदी मुळाशी दुखत असेल तर टाच पायरीच्या खाली सोडायची नाही. सपाट जमिनीवरच वर-खाली करायची. टाच खाली गेली की शीर हाडावर दाबली जाते आणि तिथलं दुखणं चिडतं. अशांनी पोटरी ताणून धरण्याचे व्यायामही सध्या टाळावेत.

मिसळ_तर्री

वाचनखूण साठवली. पोटरीपुराण ताई, आयडी सार्थ आहे!

अनवाणी

बुटांवर सगळं खापर फोडू नका. मी अनवाणी पळतो, आता कित्येक वर्षं झाली. टाचेचं दुखणं बूट सोडल्यावर गेलं. मिलिंद सोमणही अनवाणीच पळतात. जाड टाचेच्या बुटांनी पोटरी आळशी होते आणि मग जरा बसका बूट घातला की ती बोंब मारते. दोष बसक्या बुटाचा की आधीच्या जाड बुटाचा?

निळी_छत्री

अनवाणी, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो सगळ्यांना लागू करता येत नाही. अनवाणी पळताना पाऊल पुढच्या भागावर पडतं. त्याने गुडघ्यावरचा भार कमी होतो आणि पोटरी-अकिलीजवरचा वाढतो. ज्याचा गुडघा दुखतो त्याला याचा फायदा होऊ शकतो. ज्याची अकिलीज आधीच दुखतेय त्याला आज अनवाणी व्हा सांगणं म्हणजे दुखऱ्या जागी आणखी ओझं टाकणं.

अनवाणी

आज व्हा असं मी म्हटलेलं नाही. मलाही सवय व्हायला खूप वेळ लागला. सुरुवातीला घराजवळच्या मैदानाची एक फेरी, बस्स. माझं म्हणणं एवढंच की शीर बरी झाल्यावर माणसाने आयुष्यभर जाड टाचेत अडकून राहू नये.

पोटरीपुराण

यात भांडणासारखं काही नाही, दोघांचंही बरोबर आहे, फक्त वेळ वेगळी आहे. बुटाची टाच आणि पुढचा भाग यांच्या उंचीतला फरक दहा-बारा मिलिमीटरवरून एकदम चारवर आणला की पोटरीला प्रत्येक पावलाला जास्त ताणावं लागतं. टेकडीवर, तुम्ही सध्या जुने बूट पुन्हा घालायला घ्या, किंवा नव्यांत टाचेखाली छोटी पाचर घाला. दोन्ही बुटांत घाला, एकातच घातली तर कमरेचं वेगळं लफडं सुरू होईल. वर्षभराने शीर तयार झाली की बसके बूट थोडे थोडे, आठवड्यातून एकदा असे आणा.

वारीचं_पाऊल

मी पळत नाही, पण दरवर्षी माउलींबरोबर आळंदी ते पंढरपूर चालतो. टाचदुखीचे जितके प्रकार वारीत दिसतात तितके कुठे दिसणार नाहीत. पुणे ते सासवड हा टप्पा मोठा, त्यात दिवेघाट. त्या रात्री सासवडला तळावर निम्मी दिंडी पोटऱ्या धरून बसलेली असते. ज्यांनी वर्षभर चाल ठेवलेली असते ती सत्तरीची म्हातारी माणसं खुशाल भजनाला उभी राहतात आणि तरणी मुलं, जी ऑफिसातून उठून थेट आलेली असतात, ती तेल मागत फिरतात. पोटरीपुराण ताईंचं वाचताना हेच आठवलं.

आमच्याकडे टाचेला रुईचं पान बांधतात. वीट तापवायची, तिच्यावर रुईची पानं पसरायची आणि त्यावर टाच ठेवायची. आजी हे करायची. आराम पडतो, हा अनुभव आहे.

उंबरठा

आमच्याकडे काशाची वाटी. रात्री तळपायाला तूप लावून वाटीने घासायचं. झोप छान लागते.

पोटरीपुराण

शेक आणि वाटीने बरं वाटतं, त्यावर माझी हरकत नाही. रक्ताभिसरण वाढतं, स्नायू सैल होतात, घरच्या माणसाचा हात लागतो तेही औषधच. फक्त यांनी शीर भक्कम होत नाही, तेवढं व्यायामच करतो. आणि तीन सूचना. मधुमेह असेल आणि पायाची संवेदना कमी झाली असेल तर तापलेली वीट अजिबात नको, भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, पानं हाताळल्यावर हात साबणाने धुवा. आणि शीर हाडाला चिकटते त्या जागी अंगठा रोवून मालीश करवून घेऊ नका. पोटरीच्या मांसल भागावर करा.

दर्याकिनारी

गोव्यातून. इथे बरेच जण 'वाळूत पळा, मऊ असते, सांध्यांना बरं' असं सांगतात. मी मिरामारला पळते. कोरड्या मऊ वाळूत टाच खोल रुतते आणि पोटरीला प्रत्येक पावलाला ओढून काढावं लागतं. अकिलीज दुखत असताना मला तर ते डांबरी रस्त्यापेक्षा जड गेलं. ओहोटीच्या वेळी ओली घट्ट वाळू बरी, पण तीही समुद्राकडे उतरती असते, मग एक पाय सतत वर आणि एक खाली. शेवटी दोना पावलाच्या सपाट रस्त्यावर आले.

शटल_फुलराणी

थोडं अवांतर, पण हे सांगायलाच हवं. मी बॅडमिंटन खेळते. आमच्या कोर्टवर एका काकांना पुढे झेपावताना मागून कोणीतरी पायावर रॅकेट मारली असं वाटलं. ते रागाने मागे वळले, तर मागे कोणीच नव्हतं. आम्हा सगळ्यांना फट् असा आवाज आला होता. अकिलीज तुटली होती. त्यांना चालता येत होतं, लंगडत का होईना, म्हणून ते घरी जाऊन बर्फ लावणार होते. सोबत एक डॉक्टर खेळत होते त्यांनी काकांना पालथं झोपवलं आणि पोटरी दाबली. चांगल्या पायाचं पाऊल पोटरी दाबली की हलतं, त्यांचं हललंच नाही. तिथूनच थेट दवाखान्यात नेलं. असं झालं तर 'मुरगळलं असेल' म्हणून घरी बसू नका.

रविवार_लाँगरन

चीनचा लिऊ श्यांग आठवला. अडथळ्यांच्या शर्यतीचा राजा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये, स्वतःच्या देशात, भरलेल्या स्टेडियममध्ये अकिलीजच्या दुखण्यामुळे शर्यत न पळताच परत गेला. २०१२ ला लंडनमध्ये पहिल्याच अडथळ्याला पडला, शीर तुटली होती. मग उरलेलं अंतर एका पायावर लंगडी घालत पार केलं आणि शेवटच्या अडथळ्याचं चुंबन घेतलं. आजही तो व्हिडिओ बघवत नाही.

निळी_छत्री

इंजेक्शनच्या मुद्द्यावर येते, कारण धागाकर्त्याने विचारलंय. अकिलीजमध्ये किंवा तिच्या अगदी जवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन दिल्याने शीर कमकुवत होऊन तुटण्याचा धोका असतो, त्यामुळे बहुतेक डॉक्टर तिथे ते देणं टाळतात. टाचेखालच्या दुखण्यासाठी कधी कधी देतात. तिथे काही आठवडे आराम पडतो, पण तोही टिकेल याची खात्री नसते.

आणखी एक, जे फार कमी लोकांना माहीत असतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक गोळ्यांनी शिरा दुखू शकतात, क्वचित तुटूही शकतात, आणि सगळ्यात जास्त फटका अकिलीजला बसतो. २००८ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधांवर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. साठीच्या पुढचे आणि स्टिरॉइड चालू असलेले लोक जास्त धोक्यात. आपल्याकडे पोट बिघडलं की केमिस्टकडून सरळ ही पट्टी आणतात. पळणाऱ्यांनी तरी आणू नका. डॉक्टर लिहून देत असतील तर 'मी पळतो, माझी टाच दुखते' हे त्यांना आवर्जून सांगा. आणि घेत असताना टाच दुखायला लागली तर पळणं थांबवून लगेच फोन करा.

घाटवळण

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. वय सव्वीस. दोन्ही टाचा दुखतात. सकाळी तासभर तरी ताठ असतात. कंबरही पहाटे धरते, हालचाल केली की सुटते. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलंय म्हणाले आणि सिलिकॉनची टाच दिली. पळणं बंद आहे तरी फरक नाही.

पोटरीपुराण

घाटवळण, तुम्ही माझ्याकडे किंवा कुठल्याही फिजिओकडे येण्याआधी संधिवाततज्ज्ञाकडे जा. वाढलेलं हाड न दुखणाऱ्या कित्येक टाचांतही असतं, त्यावर विसंबू नका. तरुण वय, दोन्ही टाचा, सकाळचा लांबलेला ताठरपणा आणि विश्रांतीने न सुटता हालचालीने सुटणारी कंबर, हे सगळं एकत्र असेल तर अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (पाठीच्या कण्याचा संधिवात) आणि त्याच्या भावंडांची तपासणी व्हायलाच हवी. काय तपासायचं ते तज्ज्ञ ठरवतील, त्यात एचएलए बी-२७ ही रक्ताची चाचणी असू शकते. तसं निघालं तर औषधं वेगळी आहेत आणि लवकर सुरू केलेली बरी. घाबरू नका, पण पुढे ढकलू नका.

घाटवळण

हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मनापासून आभार. अपॉइंटमेंट घेतोय.

मिसळ_तर्री

या एका उत्तरासाठी धागा सार्थकी लागला.

जिना_नंबर_दोन

टाचा वर-खाली करण्याबद्दल एक गंमत. मी सोसायटीच्या जिन्यात रोज सकाळी करते. कठडा धरून, तोंड भिंतीकडे, टाचा वर, टाचा खाली. खालच्या मजल्यावरच्या आजी रोज दूध घ्यायला जाताना बघायच्या. एक दिवस न राहवून म्हणाल्या, "अगं, कुणाची वाट बघतेस? वाकून वाकून खाली बघतेस रोज." सगळं समजावून सांगितलं. आता त्याही कठडा धरून दहा वेळा करतात आणि वर माझ्यावर नजर ठेवतात, "आज गुडघा वाकवून केलं नाहीस."

टेकडीवर_पहाटे

एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. इथेच एका फिजिओला पाय दाखवला. निदान निळी_छत्रींनी सांगितलं तेच, मधल्या भागाचं. चांगल्या पायावर एका पायाने टाच उचलायला लावली तर पंचविसाच्या पुढे सहज गेलो. दुखऱ्या पायावर दहापर्यंत जाताना पोटरी थरथरायला लागली. फरक डोळ्यांनी बघितल्यावर पटलं.

चढ पूर्ण बंद केलेत. जुने बूट पुन्हा घालायला घेतलेत. टाचांचे व्यायाम एक दिवसाआड चालू आहेत. पण मुख्य प्रश्न तसाच आहे, सपाटीवर थोडं पळू का? फिजिओ म्हणाले पळा. घरचे म्हणतात दुखतंय तर पळायचं कशाला. आणि सातारा?

पोटरीपुराण

थोडं पळा. २००७ साली स्वीडनमध्येच यावर अभ्यास झाला. दोन्ही गटांना सारखेच व्यायाम, फक्त एका गटाला सुरुवातीचे सहा आठवडे पळणं-उड्या बंद, दुसऱ्याला दुखण्याचं माप ठेवून चालू. दोन्ही गट सारखेच सुधारले. मापाचा नियम सोपा आहे. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. पळताना आणि नंतर पाचाच्या वर जाऊ द्यायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ते शमलेलं असलं पाहिजे आणि आठवड्या-आठवड्याला चढत जाता कामा नये. मी स्वतः रुग्णांना तीनच्या आत राहायला सांगते, कारण उत्साही माणसाचा पाच हा खरा सात असतो.

पळताना दुखणं गायब होतं यावर भरवसा ठेवू नका. गरम झालेली शीर गोड बोलते. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी पलंग ते बाथरूम लागतो. रोज तेवढंच लिहून ठेवा. दोन पळण्यांमध्ये किमान एक मोकळा दिवस ठेवा. वेगाचा सराव आणि चढ सगळ्यात शेवटी परत आणा.

साताऱ्याबद्दल स्पष्ट सांगते. घाट चढताना टाच जवळजवळ टेकतच नाही, सगळा भार पोटरी आणि अकिलीजवर. तुमच्या शिरेला किमान तीन महिने द्यावे लागतील, काहींना सहाही लागतात. तारीख त्याआधी येतेय.

वारीचं_पाऊल

घाट कुठे जात नाही. पुढच्या वर्षी चढा.

रविवार_लाँगरन

वारीचं_पाऊल यांना अनुमोदन. जानेवारीची मुंबई धरा. पेडर रोडचा चढ सोडला तर बराचसा मार्ग सपाट आहे आणि तोवर वेळही आहे. पण तीही तेव्हाची सकाळ बघूनच. मी स्वतः व्यायाम सुरू केल्यावर पुढच्या हिवाळ्यात पूर्वीच्या अंतरावर आलो, आणि पोटरीचे व्यायाम आजही आठवड्यातून दोनदा करतो. दुखत नसतानाही. तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर 'हो' आहे.

टेकडीवर_पहाटे

ठरलं. सातारा यंदा पळत नाही. ग्रुपमधले पाच जण पळतायत, मी त्यांच्याबरोबर जातो आणि परतीच्या रस्त्यावर पाणी द्यायला उभा राहतो.

मिसळ_तर्री

आणि कंदी पेढे आणायला. पाणी देणाऱ्याचा पेढ्यांवर पहिला हक्क.

लिफ्टवाली_इमारत

आजच धागा वाचला. मला हेच दुखणं, मधल्या भागाचं. व्यायाम आता सोपे वाटायला लागलेत, पुढे काय करायचं? आणि जिना अंधारा आहे, म्हणून घरात लाकडी पाटावर केलं तर चालेल का?

पोटरीपुराण

पाट नको. कडेवर भार आला की उलटतो, शिवाय गुळगुळीत फरशीवर सरकतो. दिवसाउजेडी जिन्यात जा, बूट घालून, कठड्याला हात लावून. हात तोल सांभाळायला, वजन उचलायला नाही. टाच पायरीच्या खाली जाईल असं फक्त पावलाचा पुढचा भाग टेकवा.

सोपं वाटणं ही चांगली खूण आहे, आता वजन वाढवा. पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदळाची पिशवी घाला आणि पट्टे घट्ट करा म्हणजे ती हलणार नाही. आठ ते दहा वेळा नीट जमेल आणि अकरावं जड जाईल इतकं वजन हवं. तेही सोपं झालं की आणखी दोन किलो. वर जायला तीन मोजा, खाली यायला तीन मोजा, मध्ये झटका नाही. गुडघा सरळ ठेवून झाल्यावर तेवढंच गुडघा वाकवून करा, सोलिअसला तेच लागतं आणि तेच लोक गाळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ताठरपणा वाढला तर मागच्या वजनावर या आणि आठवडाभर तिथेच राहा.